अविभाज्य व परस्पर अविभाज्य संख्या

१ पेक्षा मोठ्या ज्या पूर्णांक संख्येला १ व ती संख्या स्वतः यांखेरीज दुसरा धन विभाजक नसतो, तिला अविभाज्य (मूळ) संख्या म्हणतात. उदा., २, ३, ५, ७, ११. यांपैकी २ ही एकच सम आहे. १ ही अविभाज्य मानीत नाहीत. १ पेक्षा मोठी प्रत्येक पूर्णांक संख्या अविभाज्य अवयवांच्या गुणाकाराच्या रूपात, क्रम सोडल्यास, एकाच प्रकारे मांडता येते (उदा., ६० = २ × २ × ३ × ५); १ ला अविभाज्य म्हटल्यास ही एकमेवता नष्ट होते. अविभाज्य संख्या अनंत आहेत, हे यूक्लिड (इ. स. पू. सु. ३००) यांनी सिद्ध केले. कितीही अविभाज्य संख्या घेऊन त्यांच्या गुणाकारात १ मिळविल्यास येणाऱ्या संख्येस त्यांपैकी कोणत्याही संख्येने भागले असता बाकी १ उरते. म्हणून तिचे अविभाज्य अवयव घेतलेल्या संख्यांहून निराळेच असतात.

ज्या दोन संख्यांना १ खेरीज सामाईक विभाजक नसतो, त्यांना परस्पर अविभाज्य (सहमूळ) म्हणतात. हा गुणधर्म जोडीचा असतो, एकेका संख्येचा नव्हे. ८ व १५ यांपैकी एकही अविभाज्य नाही, तरी त्या परस्पर अविभाज्य आहेत. उलट ७ अविभाज्य असूनही ७ व २१ तशा नाहीत. हे ठरविण्यास अवयव पाडावे लागत नाहीत. मोठ्या संख्येस लहान संख्येने भागावे आणि बाकी शून्य येईपर्यंत प्रत्येक वेळी भाजकास बाकीने भागत जावे. शेवटचा भाजक हा महत्तम सामाईक विभाजक (मसावि) होय. तो १ आल्यास संख्या परस्पर अविभाज्य असतात.

भास्कराचार्यांच्या (जन्म १११४) लीलावती  या ग्रंथातील (११५०) कुट्टक गणिताचा हाच पाया आहे. त्यातील एका उदाहरणात, २२१ ला कोणत्या संख्येने गुणून ६५ मिळविल्यास १९५ ने निःशेष भाग जाईल, असे विचारले आहे. २२१ व १९५ यांचा मसावि १३ आहे. त्याने भागून मिळणाऱ्या १७ व १५ या परस्पर अविभाज्य संख्यांना भास्कराचार्य ‘दृढ’ म्हणतात. ६५ लाही १३ ने भागल्यावर १७क + ५ = १५ख हे समीकरण मिळते व क = ५, ख = ६ हे त्याचे लघुतम उत्तर येते. क्षेपास (येथे ६५) मसाविने भाग जात नसेल, तर तो प्रश्नच ‘दुष्ट’ म्हणजे सदोष ठरतो. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिल्याचा उल्लेख चाळीसगावजवळील पाटण येथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात आहे.

रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या गुप्तलेखन पद्धतीत या दोन्ही कल्पना एकत्र येतात. दोन मोठ्या अविभाज्य संख्यांचा गुणाकार उघड ठेवतात; त्याचे अवयव पाडणे अतिशय कठीण असते. त्या दोन संख्यांतून प्रत्येकी १ वजा करून येणाऱ्या गुणाकाराशी परस्पर अविभाज्य अशी उघड किल्ली निवडतात. ३ व ११ घेतल्यास हा गुणाकार २ × १० = २० होतो; उघड किल्ली ३ असल्यास गुप्त किल्ली ७ येते, कारण ३ × ७ = २० + १. ही गुप्त किल्ली काढणे म्हणजे कुट्टकच सोडविणे होय. मसावि काढणे सुलभ व अवयव पाडणे दुष्कर, या अंतरावरच अशा संदेशांची गुप्तता अवलंबून असते. [⟶ संख्या सिद्धांत].