धर्मग्रंथ महाविद्यालयाच्या वर्गात

१९८३ या एकाच वर्षी वऱ्हाडात शिक्षणाच्या क्षेत्रातील दोन घटना घडल्या. १ मे रोजी अमरावती विद्यापीठाची स्थापना झाली आणि नागपूर विद्यापीठाच्या छायेत साठ वर्षे वाढलेली येथील महाविद्यालये घरच्या विद्यापीठाशी जोडली गेली. त्याच वर्षी यवतमाळची युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मशास्त्राचे शिक्षण देणारी संस्था आपले बिऱ्हाड पुण्याला घेऊन गेली. पहिल्या घटनेचे स्वागत झाले व ते होणे योग्यच होते. दुसरी घटना ख्रिस्ती समाजाबाहेर फार थोड्यांच्या स्मरणात राहिली. एक विद्यापीठ आले आणि एक विद्या गेली, असे या योगायोगाचे वर्णन केले तर ते थोडे अलंकारिक होईल. परंतु त्यात तथ्य नाही असे मात्र म्हणता येणार नाही.

यवतमाळची ती संस्था १९५३ साली अनेक ख्रिस्ती मिशनांच्या सहकार्याने उभी राहिली. कापसाच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या गावात देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून विद्यार्थी येत आणि पवित्र शास्त्राचा पदवीच्या पातळीवर अभ्यास करीत. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा, पोथ्यांतील पाठभेद, प्राचीन पॅलेस्टाईनचा इतिहास, चर्चमधील दोन हजार वर्षांचे वादविवाद, एवढा या विद्येचा विस्तार आहे. भारतात तिच्या पदव्यांची परंपरा सेरामपूरची. विल्यम केरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८१८ साली काढलेल्या तेथील कॉलेजला डेन्मार्कच्या राजाने १८२७ साली पदव्या देण्याची सनद दिली. कलकत्ता, मुंबई व मद्रास ही विद्यापीठे निघाली ती त्यानंतर तीस वर्षांनी. यवतमाळच्या संस्थेचा हेतू मात्र पाद्री आणि धर्मसेवक घडविणे हा होता आणि त्यात वावगे काही नाही. अमरावतीला बी. ए. करणाऱ्या एखाद्या वानखडे किंवा इंगळे आडनावाच्या विद्यार्थ्याला तेथे जाण्याचे कारणच नव्हते. प्रश्न त्या विद्यार्थ्याचा आहे. ज्याला धर्मोपदेशक व्हायचे नाही, धर्म बदलायचा नाही, परंतु जगातील एवढी माणसे ज्या ग्रंथाला प्रमाण मानतात तो काय आहे हे शिस्तीने समजून घ्यायचे आहे, त्याने कोणत्या वर्गात बसावे?

धर्मग्रंथ महाविद्यालयात शिकवायचा म्हटले की आपल्याकडे भुवया उंचावतात. वस्तुतः तो शिकविला जातच आहे. मराठीच्या एम. ए.च्या वर्गात ‘लीळाचरित्र’ उघडले जाते, तेव्हा महानुभाव पंथाचा धर्मग्रंथच विद्यार्थ्यांपुढे येतो. ज्ञानेश्वरी हा वारकऱ्यांचा पारायणाचा ग्रंथ आहे. तिच्यावर दहा गुणांचा प्रश्न विचारला म्हणून तिचे पावित्र्य उणावलेले नाही. विदर्भातील अनेक महाविद्यालयांत पाली शिकविली जाते आणि पाली शिकायची म्हणजे बौद्ध धर्मग्रंथांपाशीच जावे लागते. या वर्गांतून बाहेर पडलेला विद्यार्थी महानुभाव किंवा वारकरी झाल्याची तक्रार आजवर कोणा पालकाने केलेली नाही. (झालाच असेल तर परीक्षेच्या आदल्या रात्रीपुरता.)

‘लीळाचरित्रा’चे उदाहरण येथे विशेष उपयोगी आहे, कारण ते घरचे आहे. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस हा ग्रंथ सिद्ध केला. चक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेले होते. त्यांना ज्यांनी पाहिले, त्यांचे बोलणे ज्यांनी ऐकले, अशा माणसांच्या गाठी घेऊन म्हाइंभटांनी एकेक लीळा मिळविली आणि नागदेवाचार्यांकडून ती पारखून घेतली. एका प्रसंगाविषयी दोघांची आठवण वेगळी पडली तर दोन्ही नोंदल्या. पुढे मूळ पोथी नाहीशी झाली आणि अनुयायांच्या स्मरणातून तिचे पाठ पुन्हा उभे करावे लागले, असे परंपरा सांगते. मराठीचा विद्यार्थी हे सारे शिकतो. मौखिक आठवण लिखित ग्रंथ कशी होते, पाठभेद का पडतात, श्रद्धेने लिहिलेल्या चरित्रातून इतिहास कसा वेचावा, हे प्रश्न त्याच्या परिचयाचे असतात.

आता नव्या करारातील लूकचे शुभवर्तमान उघडावे. प्रारंभीच लेखक सांगतो की, या घटनांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. ज्यांनी त्या प्रत्यक्ष पाहिल्या त्यांच्याकडून चालत आलेली हकीकत आपण मुळापासून तपासली आणि क्रमाने मांडली. रिद्धपूरच्या म्हाइंभटांना हे शब्द परके वाटले नसते. फरक आहे तो काळाच्या अंतराचा. म्हाइंभटांनी काही वर्षांतच आठवणी गोळा केल्या. शुभवर्तमाने येशूनंतर काही दशकांनी, बहुतेक अभ्यासकांच्या मते सन ७० च्या आसपास व पुढे, लिहिली गेली. मार्कचे सर्वांत आधीचे आणि मत्तय व लूक यांनी ते समोर ठेवून लिहिले, हे मत आज अभ्यासकांत प्रबळ आहे. मत्तय आणि लूक या दोघांनीही प्रभूची प्रार्थना दिली आहे. लूकमधील आखूड आहे, मत्तयमधील लांब. का? चर्चमध्ये ती प्रार्थना म्हणणाऱ्याला हा प्रश्न पडण्याची गरज नाही. वर्गात तो पडलाच पाहिजे. ज्या विद्यार्थ्याने ‘लीळाचरित्रा’चे पाठभेद पाहिले आहेत त्याला या प्रश्नाची भीती वाटणार नाही, आणि त्याचे उत्तर शोधण्याची पद्धतही त्याच्या हाती असेल.

भाषेच्या बाजूने पाहिले तर हा अभ्यास अधिकच रसाळ होतो. बँकेत काम करणाऱ्या कारकुनाला ‘तारण’ म्हटले की कर्जासाठी गहाण टाकलेले दागिने आठवतात. मराठी बायबलात तोच शब्द आत्म्याच्या उद्धारासाठी येतो. ‘करार’ भाडेकरूशी होतो, तसा देवाचा आपल्या लोकांशीही होतो. येशूशी वाद घालणारे ‘शास्त्री’ वाचताना मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे काशीहून शिकून आलेले वेदशास्त्रसंपन्न गृहस्थ उभे राहतात, यहुदी नियमशास्त्राचे जाणकार उभे राहत नाहीत. ‘जकातदार’ हा तर खासा शब्द. गावाच्या वेशीवरचे जकातनाके ज्यांनी पाहिले त्यांना त्या पदाबद्दलची नाराजी समजते; परंतु तो जकातदार परक्या रोमन सत्तेसाठी स्वकीयांकडून पैसा काढीत असे आणि म्हणून त्याच्या पंक्तीला बसणे हा सामाजिक अपराध ठरे, हे कोणी सांगितल्यावाचून कळत नाही. पंक्तिव्यवहाराचे महत्त्व ज्या समाजाने इतके भोगले आहे, त्याला ही कथा किती जवळची वाटली पाहिजे!

पंडिता रमाबाईंनी हीच अडचण ओळखली होती. प्रचलित मराठी भाषांतरातील पुष्कळ शब्द हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थ बरोबर घेऊन येतात आणि सामान्य बायकांना ते उमगतही नाहीत, असे त्यांचे मत. म्हणून संस्कृतच्या या पंडितेने उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. १९२२ साली त्यांचे निधन झाले. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. त्याची छपाई तेथील स्त्रियांनी केली. मराठी भाषेच्या इतिहासातील हा केवढा पराक्रम! परंतु रमाबाईंचे नाव आपल्या विद्यार्थ्याला माहीत असते ते विधवांच्या कैवारी म्हणून. ज्या कामात त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली ते काम त्याने पाहिलेले नसते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चीही अशीच गत होते. नारायण वामन टिळकांना राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका युरोपीय गृहस्थाने नवा करार दिला, ते डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि त्यात गुंतले, १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, हा घटनाक्रम विद्यार्थी पाठ करतो. त्या प्रवचनात एवढे काय होते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानातील तीन अध्याय. एका तासात वाचून होतील. पण ते ‘अभ्यासक्रमाबाहेरचे’. फादर स्टीफन्स यांचे १६१६ सालचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीच्या कौतुकासाठी उद्धृत होते. जुन्या कराराची कथा ओवीत आणताना त्यांनी काय घेतले, काय गाळले, हे मूळ कथा ठाऊक नसलेल्याने कसे ताडावे?

मग हा अभ्यास रुजला का नाही? त्याला इतिहासातील कारण आहे आणि ते क्षुल्लक नाही. मिशनरी महाविद्यालयांतून बायबलचा तास असे, आणि वर्गात बहुसंख्य मुले हिंदू असत. शिकविणाऱ्यांच्या मनात ज्ञानदान व धर्मप्रसार यांची सीमारेषा स्पष्ट नव्हती. मुंबईत १८४३ साली नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा शहर हादरले. वऱ्हाड मध्य प्रदेशात होता त्या काळात, १९५४ साली, त्या राज्याच्या सरकारने मिशनऱ्यांच्या कार्याच्या चौकशीसाठी निवृत्त सरन्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या १९५६ च्या अहवालाने धर्मांतराच्या कार्यावर कडक ठपका ठेवला. त्याच वर्षी नागपूरला डॉ. आंबेडकरांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेणाऱ्यांत स्वतः नियोगीही होते, ही गोष्ट मात्र अहवालाइतकी सांगितली जात नाही.

कायद्याचा अडसर सांगितला जातो तो बव्हंशी गैरसमजाचा आहे. संविधानाचे कलम २८ पूर्णतः शासकीय खर्चाने चालणाऱ्या संस्थेत धर्मोपदेशाला मनाई करते, आणि अनुदानित संस्थेत संमतीवाचून त्यात सहभागी होण्याची सक्ती करू देत नाही. धर्माविषयीच्या अभ्यासाला त्यात बंदी नाही. १९७१ साली गुरू नानकांच्या जीवनाच्या अभ्यासासंबंधी आणि पुन्हा २००२ साली अरुणा रॉय यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने हा भेद मान्य केला. राधाकृष्णन आयोगाने तर १९४९ सालीच सुचविले होते की, पदवीच्या पहिल्या वर्षी थोर धर्मसंस्थापकांची चरित्रे, दुसऱ्या वर्षी जगातील धर्मग्रंथांतील निवडक उतारे व तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातील प्रश्न शिकवावेत. अहवाल कपाटात राहिला. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाने १९६७ साली धर्माच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग काढला. आपल्याकडे हा विषय तत्त्वज्ञानाच्या एखाद्या प्रश्नपत्रिकेच्या कोपऱ्यात राहिला.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. धर्मग्रंथाचा चिकित्सक अभ्यास निरुपद्रवी नसतो. डॉ. वि. भि. कोलते यांच्यासारख्या विदर्भातल्याच थोर संशोधकाने १९७८ साली ‘लीळाचरित्र’ संपादून प्रसिद्ध केले, तेव्हा त्यातील काही मजकुरावर महानुभाव अनुयायांनी तीव्र आक्षेप घेतला आणि ती आवृत्ती वादात सापडली. संशोधकाला जो पाठ असतो तो भक्ताला कलंक वाटू शकतो. बायबलच्या बाबतीतही हेच होईल. हिंदू पालक म्हणेल, हे प्रचाराचे नवे दार आहे. ख्रिस्ती पालक म्हणेल, रविवारच्या शाळेत शिकलेले माझ्या मुलीचे वचन तुम्ही मार्क आधी की मत्तय आधी या वादात विस्कटून टाकता. दोघांचेही म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे. परंतु विशीतल्या मुलामुलींनी धर्माविषयी जे ऐकायचे ते मोर्चात, निवडणुकीच्या सभेत आणि मोबाईलवर फिरणाऱ्या मजकुरातच ऐकावे, हा त्यावरील उपाय कसा असू शकतो? तेथे तर पाठही तपासला जात नाही आणि संदर्भही दिला जात नाही.

डॉ. पंजाबराव देशमुख पापळसारख्या खेड्यातून ऑक्सफर्डला गेले आणि त्यांनी डॉक्टरेट मिळविली ती वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर व विकासावर. तो प्रबंध १९३३ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ग्रंथरूपाने काढला. धर्म ही वाढत, बदलत आलेली गोष्ट आहे असे शिस्तीने पाहणारा हा माणूस, १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठीच्या लढ्यातही होता. कृषिमंत्री म्हणून, शिक्षणसंस्थेचे संस्थापक म्हणून त्यांची जयंती वऱ्हाडात थाटाने होते. त्यांच्या प्रबंधाचा विषय मात्र येथील पदवीच्या वर्गात स्वतंत्र विषय म्हणून आलाच नाही.

आज तो आणणे पूर्वीपेक्षा सोपे आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने विद्याशाखेबाहेरचा विषय निवडण्याची मोकळीक दिली आहे. भारतीय ज्ञानपरंपरेचे तासही सुरू झाले आहेत. चारशे वर्षांपूर्वी मराठी ओवीत लिहिलेले पुराण आणि केडगावला मराठी स्त्रियांनी छापलेले बायबल त्या परंपरेत बसते की नाही, हे अभ्यासमंडळाने एकदा सांगून टाकावे. शिक्षक कोठून आणायचे, असे विचारले जाईल. प्रारंभाला मराठीचा आणि इतिहासाचा असे दोन प्राध्यापक पुरेत. भीती आहे ती गाईडांची. दोन वर्षांत ‘डोंगरावरील प्रवचनाची वैशिष्ट्ये, टीप लिहा’ असा प्रश्न आणि त्याचे पाच मुद्द्यांचे तयार उत्तर बाजारात येईल. ती भीती ज्ञानेश्वरीबाबत खरी ठरलीच आहे, तरी ज्ञानेश्वरी शिकविणे कोणी थांबविलेले नाही.

ॲन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीने मराठी शिकून म्हाइंभटांनी लिहिलेले गोविंदप्रभूंचे चरित्र इंग्रजीत नेले. १९८४ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. परदेशी विद्यापीठांतील धर्माभ्यासाच्या विद्यार्थ्यांना त्यामुळे रिद्धपूरच्या गल्ल्या आणि तेथल्या देवळांची नावे वाचायला मिळाली. आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. त्याच्या ग्रंथालयात ‘लीळाचरित्रा’च्या शेजारी रमाबाईंचे बायबल ठेवायला एका फळीची जागा लागेल, आणि दोन्ही एका तासाला उघडायला वेळापत्रकातील एक ओळ.