फाळक्यांचे छोटे पट

दादासाहेब फाळके म्हटले की ३ मे १९१३, गिरगावातले कॉरोनेशन चित्रपटगृह आणि ‘राजा हरिश्चंद्र’ एवढेच आपल्याला आठवते. त्यांच्या छोट्या पटांकडे सहसा कोणी वळत नाही. गोदावरीकाठची दृश्ये, वेरूळची लेणी, बुद्धगया, सिंहस्थ पर्वणी, गणेशोत्सव, तळेगावचा काच कारखाना ही त्या पटांच्या विषयांची अर्धीमुर्धी यादी. पौराणिक पटांतून फाळक्यांची कल्पनाशक्ती दिसते, पण हा माणूस आपला मुलूख कसा पाहत होता हे मला या यादीतून अधिक कळते.

त्यांच्याआधी हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, कॅमेरा घेऊन बाहेर पडलेच होते. त्यांनी लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती टिपली. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे विलायतेहून परतले, तो स्वागताचा प्रसंगही त्यांच्या फिल्मवर आला. डोळ्यांसमोर घडेल ते टिपायचे, ही त्यांची रीत होती.

फाळक्यांनी मात्र डोळ्यांना एरवी दिसत नाही तेही दाखवले. १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ या ब्रिटिश चित्रपटकाराचा स्टुडिओ पाहिला आणि विल्यम्सन कॅमेरा खरेदी करून परतले. मग कुंडीत वाटाणा पेरून त्यापुढे कॅमेरा रोवला. महिनाभराहून अधिक काळ थोडे थोडे चित्रण साठवले आणि पडद्यावर मिनिटभरात रोप वर आले. ‘अंकुराची वाढ’ हा पट पाहूनच पैसे घालणाऱ्याचा विश्वास बसला. म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला तो या वाटाण्याच्या जोरावर! पुढे त्यांनी आगकाड्या नाचवल्या, जादूगार होऊन स्वतः पडद्यावर आले. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या पटात तर आपले कामच प्रेक्षकांपुढे उघडे केले. चित्रीकरण करताना, फिल्म तपासताना, जोडताना फाळके त्यात दिसतात. सुदैवाने त्याचे काही तुकडे उरले आहेत.

तळेगावच्या पटाचे मोल मला सर्वांत अधिक वाटते. पैसाफंडाचा तो कारखाना लोकांच्या पैशापैशातून उभा राहिला होता. ज्यांनी पैसा दिला त्यांना भट्टी, फुंकणी आणि राबणारे हात दाखवावेत, असे फाळक्यांच्या मनात आले असणार.

पुढे छोट्या पटांना निवेदनाचा आवाज मिळाला, पण तो बहुधा बाहेरच्याचा. ब्रिटनमध्ये हॅरल्ड बाइम यांनी जन्मभर छोटे पट आणि शहरांची प्रवासचित्रे काढली. तिथल्या चित्रपटगृहांना ब्रिटिश पटांचा ठरावीक वाटा दाखवावा लागे, त्यावर हा धंदा चाले. त्यांच्या बर्मिंगहॅमवरच्या पटाला टेली सावलास या अमेरिकी नटाने भरभरून निवेदन दिले, ते लंडनमध्ये बसून. बर्मिंगहॅममध्ये तो गेलाही नव्हता. आपल्याकडे १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन आले. मुख्य खेळाआधी त्यांचे माहितीपट दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते. त्यांत उत्तम काम पुष्कळ झाले, पण सरकारी निवेदनाचा सूर खेड्यातल्या माणसाला क्वचितच बोलू देई.

तो आजही मुकाच आहे. पोलादपूर तालुक्यातले कुडपण हे गाव मोबाइलवर दिसते ते पावसाळ्यात. ड्रोन वर चढतो, भीमाची काठी हा धबधबा दिसतो, धुके दिसते, मागे गाणे वाजते. दृश्य देखणे असते, यात वाद नाही. पण डोंगरउतारावर नाचणी-वरी कोण लावते, मुंबईला गेलेल्यांच्या घरांची राखण कोण करते, हे त्यात येत नाही. मला हे खटकते, कारण साधनांची वाण आता उरलेली नाही. फाळक्यांना रिळासाठी कर्ज काढावे लागे. कुडपणच्या एखाद्या पोराने एका वावरापुढे फोन रोवावा. उन्हाळ्यातल्या राबाच्या भाजणीपासून लावणी, बेणणी, कापणी आणि नाचणीच्या मळणीपर्यंत रोज थोडे टिपावे आणि निवेदन त्या वावरात राबणाऱ्या बाईकडूनच करून घ्यावे.