फाईलचा हुकूम, एडिटरची तामिली

कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या विल्यम कॅरी यांनी 1805 साली मराठीचे व्याकरण छापले, ते देवनागरीत. 1810 साली शब्दकोश काढला, तो मोडीत. पान उघडताच लिपी ओळखू येत होती. संगणकाच्या फाईलचे तसे नाही. तिच्यात नुसते आकडे असतात आणि ते कोणत्या संकेतप्रणालीने वाचायचे, हे यंत्राला कळावे लागते. नाहीतर मराठी मजकुराच्या जागी चौकोन आणि चिन्हे दिसतात.

त्यावर एक जुना तोडगा आहे. सूचना फाईलमध्येच लिहून ठेवायची. पायथन 2 या प्रोग्रॅमिंग भाषेत देवनागरी अक्षरे वापरायची तर आरंभीच अशी ओळ द्यावी लागे. ईमॅक्स हा एडिटर फाईलच्या आरंभी आणि शेवटी अशा सूचना शोधतो. व्हिम हा दुसरा एडिटर एरवी पहिल्या आणि शेवटच्या 5 ओळी तपासतो; तिथल्या सूचनेला ‘मोडलाइन’ म्हणतात. टॅब किती रुंद, ओळ कुठे मोडायची, हे त्यातून ठरते.

पुस्तकातली सूचना पाळायची की नाही, हे वाचक ठरवतो. एडिटर मात्र आपण एक शब्द वाचण्याआधीच ती पाळून मोकळा होतो. धोका इथेच आहे. व्हिमच्या काही सेटिंगांत छोटी सूत्रेही लिहिता येतात. ती ‘सँडबॉक्स’ नावाच्या बंदिस्त कप्प्यात चालावीत, अशी व्यवस्था आहे. 2019 साली आर्मिन रझमजू या संशोधकाने त्या कप्प्याची फट दाखवली: फाईल नुसती उघडली, तरी तिच्यात दडवलेली आज्ञा थेट संगणकावर चालत होती. व्हिम 8.1.1365 आणि निओव्हिम 0.3.6 या आवृत्त्यांत ती बुजवली गेली.

म्हणजे फाईलने आपली मांडणी सांगावी, यंत्राला कामाला लावू नये. ‘एडिटरकॉन्फिग’ ही एडिटरांसाठीची सेटिंग-फाईल हे तत्त्व पाळते; त्यात मांडणीचे मोजकेच पर्याय असतात. ईमॅक्स निर्धोक सेटिंग लगेच स्वीकारतो, बाकीच्यांसाठी परवानगी विचारतो. व्हीएस कोड हा एडिटरही 2021 पासून अनोळखी फोल्डरवर विश्वास ठेवायचा का, असे विचारतो.

तेव्हा एडिटर अद्ययावत ठेवा. व्हिममध्ये गरज नसेल तर मोडलाइन बंद करा. ईमॅक्सच्या प्रश्नाला उद्गारचिन्हाने उत्तर दिले, तर ती सेटिंग कायमची सुरक्षित मानली जातात, हे लक्षात असू द्या. आणि परक्या फाईलसाठी परवानगी मागितली, तर आधी ‘नाही’ म्हणा. मजकूर तरीही वाचता येतो.