कालचा मी, आजचा मी

पाच वर्षांपूर्वीचे तुम्ही आणि आजचे तुम्ही एकच कशावरून? मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंड हे कॅनडातले मानसशास्त्रज्ञ शाळकरी मुलांना अशा अर्थाचे प्रश्न विचारत. सोबत एका फ्रेंच कादंबरीतल्या ज्याँ व्हालज्याँची गोष्ट चित्रांतून दाखवत. कैदेतून सुटलेला माणूस पुढे मोठा सज्जन होतो, मग माणूस तोच का? गोरी मुलं बहुधा म्हणत, आत काहीतरी न बदलणारं असतं. मूलनिवासी मुलं गोष्ट सांगत: हे झालं, म्हणून ते झालं, म्हणून तो असा झाला. उत्तराची वाट वेगळी, पण उत्तर निघे. आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात ठेवलेल्या मुलांपैकी बहुतेकांना मात्र काहीच सांगता येत नसे. कालशी नातं तुटलं की उद्याचा 'मी' परका होतो, असं दोघांना वाटलं.

आणि हे नातं सगळ्या समाजाचंच तोडलं तर? कॅनडात दीड लाखाहून अधिक मूलनिवासी मुलांना निवासी शाळांत घातलं गेलं. तिथे आईची भाषा ओठांवर आली की शिक्षा होई. पश्चिम किनाऱ्यावरचा पॉटलॅच हा दानसोहळा तर १९५१ पर्यंत कायद्यानेच गुन्हा होता.

मग दोघांनी ब्रिटिश कोलंबियातल्या सुमारे दोनशे मूलनिवासी समाजांच्या १९८७ ते १९९२ या काळातल्या नोंदी पाहिल्या. काही ठिकाणी तरुणांच्या आत्महत्यांचं प्रमाण भयंकर होतं. पण निम्म्याहून अधिक समाजांत त्या काळात एकही नाही! 'मूलनिवासींमध्ये आत्महत्या फार' या सरसकट वाक्यात हे समाज दिसतच नाहीत, याची मला फार खंत वाटते.

फरक कशाने पडला? त्यांनी सहा गोष्टी तपासल्या: स्वशासन, जमिनीच्या हक्काची लढाई, शाळा, आरोग्यसेवा, पोलीस व अग्निशमन यांवर समाजाचा ताबा, आणि संस्कृतीसाठी स्वतःची वास्तू. आगीचा बंब आणि मनाचं आरोग्य! पण आपलं घर आपण विझवू शकतो, हे पाहत वाढणं साधी गोष्ट नाही. यातलं जितकं अधिक हाती, तितक्या आत्महत्या कमी. सहाही असलेल्या समाजांत एकही नाही. यावरून कारण सिद्ध होत नाही, हे खरं. तरी २००७ मध्ये त्यांनी भाषेचा हिशेब मांडला. जिथे निम्म्याहून अधिक लोकांना आपल्या भाषेत बोलता येत होतं, तिथेही तरुणांच्या आत्महत्या जवळजवळ नव्हत्या.

तीच भाषा, जी बोलल्याबद्दल त्यांच्या आजी-आजोबांनी मार खाल्ला होता.