रंग, रक्त की सावली?

डोळ्यांखालचा काळेपणा घालवायचा म्हणून लोक आधी एक क्रीम आणतात, ते संपले की दुसरे, मग पार्लरमधले उपचार, आणि आता थेट फिलरचे इंजेक्शन. या सगळ्या खर्चात एक प्रश्न बहुतेक वेळा विचारलाच जात नाही: तिथे काळे दिसते ते नेमके कशामुळे? त्वचेत मेलॅनिन जास्त साठले असेल तर तो रंग आहे. पातळ त्वचेतून खालच्या शिरा आणि स्नायू डोकावत असतील तर ती निळसर-जांभळी झाक रक्ताची आहे. आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून गालाकडे उतरणारी खाच खोल असेल, तर त्वचेचा रंग अगदी नेहमीचा असूनही वरून येणाऱ्या उजेडात तिथे सावली पडते. या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर पैसे तर जातातच, कधी कधी चेहराही बिघडतो. म्हणून क्रीम चांगले की लेझर, की फिलर, या वादात शिरण्याआधी कारण ठरवले पाहिजे. उपचाराचा सर्वांत स्वस्त भाग तोच आहे आणि नेमका तोच गाळला जातो.

पापणीची त्वचा शरीरातली सर्वांत पातळ त्वचा. तिची जाडी अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते. तिच्याखाली चरबीचा थर जवळपास नसतो. लगेच डोळा मिटणारा गोल स्नायू लागतो. हा भाग डोळ्याच्या खोबणीच्या कडेला चिवट तंतूंनी हाडाशी बांधलेला असतो. वय वाढते तशी गालाची चरबी कमी होते, वरच्या जबड्याचे हाड झिजते, आणि डोळ्याभोवतीची चरबी पुढे फुगते. बांधलेला भाग मात्र जागचा हलत नाही. त्यामुळे वर फुगवटा आणि खाली खाच, असे दोन्ही एकदम दिसू लागते. काहींच्या हाडांची ठेवणच अशी असते की विशीतही ही खाच दिसते. तिचा जागरणाशी काही संबंध नसतो. घरच्या आरशातही प्राथमिक अंदाज घेता येतो. समोरून, डोळ्यांच्या पातळीवर उजेड धरला आणि काळेपणा बराचसा नाहीसा झाला, तर ती सावली. खालची त्वचा बोटाने हलकेच ताणली आणि तपकिरी रंग तसाच राहिला, तर तो मेलॅनिनचा. निळसरपणा अधिक उठून दिसला, तर शिरांचा. त्वचारोगतज्ज्ञ हेच काम डर्मोस्कोपने अधिक खात्रीने करतात.

आपल्याकडे रंगाचा वाटा मोठा आहे. अनेक कुटुंबांत वरच्या आणि खालच्या दोन्ही पापण्यांवरचा गडदपणा पिढ्यान्‌पिढ्या असतो आणि किशोरवयापासून दिसतो. तो आजार नाही. पण त्यावर भर घालणाऱ्या गोष्टी अनेक: ॲलर्जीच्या सर्दीत किंवा एक्झिमात सतत डोळे चोळणे, केसांच्या डायमधल्या पीपीडीची ॲलर्जी, एखाद्या काजळाचा किंवा मेकअपचा त्रास, ऊन. काचबिंदूसाठी दिले जाणारे लॅटानोप्रोस्ट, बायमॅटोप्रोस्ट यांसारखे थेंब पापण्यांची त्वचा गडद करतात आणि डोळ्याभोवतीची चरबीही घटवतात, हे फार थोड्या रुग्णांना ठाऊक असते. (असे थेंब स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांशी बोलावे.) रक्तक्षयाचीही तपासणी हवी, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. चेहरा फिका पडला की डोळ्यांखालचा भाग अधिक ठळक दिसतो. लोहाच्या गोळ्यांनी आनुवंशिक रंग जाणार नाही, पण रक्तक्षयावर उपचार करायला सौंदर्याचे कारण लागतच नाही.

रंगावर सनस्क्रीन, चोळणे थांबवणे, व्हिटॅमिन सी, सौम्य रेटिनॉल असे सावकाश उपाय आहेत आणि परिणाम दिसायला काही महिने लागतात. इथेच अधीरता महागात पडते. गोरेपणाच्या क्रीमच्या नावाखाली हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड यांचे मिश्रण दुकानातून सहज मिळते आणि पहिल्या काही आठवड्यांत त्वचा उजळतेही. डोळ्याजवळ ते महिनोन्‌महिने लावले तर आधीच पातळ असलेली त्वचा आणखी पातळ होते, शिरा अधिक दिसतात आणि डोळ्यातला दाब वाढण्याचा धोका असतो. म्हणजे रंगाची तक्रार घेऊन आलेली व्यक्ती रक्ताची तक्रार घेऊन परत जाते. लेझरबाबतही सावधगिरी हवी: सावळ्या त्वचेवर चुकीची ऊर्जा वापरली तर तिथेच नवा काळा डाग उमटतो.

खाचेवर मात्र कोणतेही क्रीम चालत नाही. तिथे भराव हवा, आणि आजचा सर्वांत प्रचलित भराव म्हणजे हायलुरोनिक ॲसिडचे फिलर. तज्ज्ञ हातात, योग्य रुग्णावर त्याचा परिणाम तासाभरात दिसतो, आणि तो खरा असतो. पण ही जागा कठीण आहे. अमेरिकेच्या एफडीएने नाकाशेजारच्या वळ्यांसाठी हे द्रव्य २००३ सालीच मान्य केले, तर डोळ्यांखालच्या खाचेसाठी पहिली मान्यता २०२२ साली दिली, तीही २१ वर्षांवरील व्यक्तींसाठी. हे द्रव्य पाणी धरून ठेवते, म्हणून सकाळी डोळे सुजणाऱ्यांची सूज त्याने वाढते. ते उथळ टोचले गेले तर त्वचेखालून निळसर दिसू लागते. म्हणजे काळेपणा घालवायला गेलेल्याला निळेपणा मिळतो. सर्वांत गंभीर धोका दुर्मीळ आहे, पण तो सांगितलाच पाहिजे. इथल्या रक्तवाहिन्या डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीशी जोडलेल्या आहेत. फिलर चुकून त्यांत शिरले आणि मागे ढकलले गेले तर दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि तास-दीड तासात कायमचे अंधत्व येऊ शकते. हायलुरोनिडेज नावाचे एन्झाइम हे फिलर विरघळवते, पण एकदा डोळ्याचा पुरवठा बंद झाला की दृष्टी परत मिळेलच असे नाही.

हजारो लोक फिलर घेतात आणि खूश असतात, मग एवढी भीती कशाला, असे कुणी म्हणेल. माझा आक्षेप फिलरला नाहीच. ज्याच्या डोळ्यांखाली सावली आहे, त्वचा बरी आहे, सूज नाही, त्याला फिलर शोभते. आक्षेप आहे तो रंगाच्या तक्रारीवर फिलर टोचण्याला, आणि वैद्यकीय पदवी नसलेल्या हातांनी पार्लरच्या खुर्चीत टोचण्याला. काही महिन्यांत विरघळेलच, हा दिलासाही पुरा खरा नाही. एमआरआयमध्ये डोळ्यांखालचे फिलर काही वर्षांनंतरही दिसल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. ज्यांचा फुगवटा मोठा आहे त्यांना शस्त्रक्रिया अधिक उपयोगी, पण तिथेही चरबी नुसती काढून टाकली तर वय वाढल्यावर खड्डा उरतो. म्हणून अनेक शल्यविशारद आता पापणीच्या आतल्या बाजूने छेद घेऊन तीच चरबी खाचेत सरकवतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बहुतेकांत रंग, शिरा आणि सावली एकत्रच असतात, मग कारण शोधून काय साधले? साधतो तो क्रम. आधी ॲलर्जी, रक्तक्षय, चोळणे आणि ऊन यांचा बंदोबस्त. मग रंगावर तीन-चार महिने सौम्य उपचार. दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, मेकअपशिवाय फोटो. एवढे झाल्यावर समोरच्या उजेडात जे उरत नाही आणि वरच्या उजेडात उरते, तेवढीच खाच सुईसाठी शिल्लक राहते. पुष्कळांच्या बाबतीत ती सुरुवातीला वाटली होती त्यापेक्षा लहान निघते, आणि काहींना ती भरावीशीही वाटत नाही.