झाकणावरचं पाणी

कोबीच्या साध्या भाजीत पाणी घालायचं नसतं. नुकतंच स्वयंपाकाला लागलेल्या माणसाला हे सांगा, त्याचा विश्वास बसत नाही. समोर करकरीत, कोरडा कोबी, खाली आच, आणि यातून मऊसर भाजी होणार म्हणे! पण कोबीच्या वजनातले शंभरातले ९२ भाग पाण्याचेच असतात. अर्धा किलोचा गड्डा आणला तर साडेचारशे मिलिलिटरच्या वर पाणी, आणि कोबी म्हणावा असा ऐवज जेमतेम चाळीस ग्रॅम. दुधी तर ९५ टक्क्यांच्याही पुढे जातो. मंडईतून आपण पिशवी भरभरून पाणीच घरी आणतो. पेशीपेशीत कोंडलेलं असतं म्हणून ते सांडत नाही. भाजी करणं म्हणजे मुख्यतः या पाण्याची व्यवस्था लावणं. कुठे ते धरून ठेवायचं, कुठे उडून जाऊ द्यायचं आणि कुठे त्याला जवळपास फिरकूही द्यायचं नाही, हे आपल्याकडच्या बायकांनी थर्मामीटर न लावता इतकं नेमकं ठरवून ठेवलंय की एकेक कारण कळत जातं तसा माणूस थक्क होतो.

सुरुवात मात्र पाण्याशिवाय होते. फोडणीचं तेल पाण्याच्या उकळबिंदूच्या कितीतरी वर तापतं. मोहरीच्या इवल्याशा दाण्यात किंचित ओल असते, तिची वाफ होते, टरफल घट्ट असल्यामुळे ती अडते, आणि दाणा उडतो. मोहरी तडतडली की तेल तापलं, ही खूण आपण डोळे झाकून मानतो आणि ती खरीच असते. पण गंमत पुढे आहे. हीच मोहरी लोणच्यासाठी पाणी घालून फेसली तर नाकात झणझणते, डोळ्यांतून पाणी काढते. फोडणीत तिचा तो जहाल स्वभाव कुठे जातो? मोहरीत सिनिग्रिन नावाचं एक द्रव्य असतं आणि मायरोसिनेज नावाचं विकर. दाणा अखंड असतो तोवर दोघं वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात. दाणा फुटला आणि पाणी मिळालं की ती भेटतात, आणि त्या भेटीतून झणझणीत तेल तयार होतं. कढत तेलात पडलेल्या मोहरीतलं विकर काही क्षणांत निकामी होतं. भेट घडतच नाही. उरतो तो खमंग, जरासा कडसर वास.

आणि कोबी? तो मोहरीच्याच कुळातला. कच्च्या कोबीची कोशिंबीर किंचित झोंबते ती याच जोडीमुळे. चिरताना पेशी फुटतात आणि कप्पे मोडतात. म्हणजे फोडणीवर कोबी टाकताना आपण दोन भावंडांची गाठ घालून देत असतो, तीही दोघांचे नखरे आचेने उतरवून. फार वेळ शिजवला तर मात्र कोबी दुसराच सूड घेतो. त्याच्यातली गंधकाची संयुगं मोडत जातात आणि घरभर तो ओळखीचा, नकोसा दर्प सुटतो. कुकरच्या शिट्ट्या देऊन कोबी शिजवणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती आहे, पण त्यांच्या घरी कोबी खायला मी जाणार नाही.

भाजी परतली, मीठ-हळद पडली, आणि आता झाकण. जुन्या पद्धतीत झाकण म्हणजे खोलगट ताटली, आणि त्या ताटलीत वाटीभर पाणी. भाजी खाली लागू नये म्हणून, एवढंच उत्तर बहुतेक घरांत मिळतं. ते बरोबर आहे, पण त्या ताटलीत भौतिकशास्त्राचा एक मोठा अध्याय मावलेला आहे.

मीठ लागल्यावर आणि ऊब मिळाल्यावर कोबी आपलं पाणी सोडू लागतो. त्याची वाफ होते, वर जाते, ताटलीला टेकते. ताटली वरच्या पाण्याने गार राहिलेली असते, म्हणून वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि थेंब भाजीवर पडतात. तेच पाणी पुन्हा खाली जातं, पुन्हा तापतं, पुन्हा वर येतं. उडून जाऊ पाहणारा बराचसा सुवासही या फेऱ्यात अडकतो. वाफ उष्णता किती वाहून नेते, हा आकडा मात्र सहज पटत नाही. एक ग्रॅम उकळतं पाणी एका अंशाने निवलं तर एक कॅलरी उष्णता देतं. एक ग्रॅम वाफेचं त्याच शंभर अंशांवर नुसतं पाणी झालं, तापमान तसूभरही न उतरता, तरी ती देते सुमारे ५४० कॅलरी. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा जास्त का भाजतो, तेही इथेच कळतं. कढईतल्या कोबीच्या प्रत्येक गारशा पानावर वाफ निवते आणि ही सगळी दौलत तिथे ठेवून जाते.

ही लपलेली उष्णता पहिल्यांदा मोजली ती स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात, १७६० च्या दशकात, जोसेफ ब्लॅक यांनी. त्यांचा प्रयोगही स्वयंपाकघरात शोभावा असाच होता. पत्र्याच्या भांड्यांत थोडं पाणी घेऊन ती लालबुंद तापलेल्या लोखंडावर ठेवायची. पाण्याला उकळी यायला चार मिनिटं लागली, पण ते सगळं उडून जायला वीस. त्या वीस मिनिटांत आच तर तितकीच होती आणि पाणी काही आणखी तापत नव्हतं. मग उष्णता जात होती कुठे? वाफेत.

त्याच विद्यापीठात उपकरणं दुरुस्त करणारा एक कारागीर होता, जेम्स वॉट. दुरुस्तीला आलेल्या एका वाफेच्या इंजिनाच्या नमुन्याशी झटापट करताना त्याला दिसलं की, थोड्याशा पाण्याची वाफ आपल्या सहापट वजनाच्या विहिरीच्या गार पाण्याला उकळीपर्यंत नेते. तो चक्रावून ब्लॅककडे गेला आणि तिथे त्याला कारण समजलं. १७६५ मध्ये त्याला वाफ निववण्यासाठी वेगळं, गार ठेवलेलं भांडं सुचलं, आणि पुढचा इतिहास कारखान्यांचा आहे. आपल्या ताटलीचा हिशोबही तोच. आपल्याकडचं पाणी स्कॉटलंडच्या विहिरीइतकं गार नसतं. ३० अंशांचं धरलं तर एक ग्रॅम वाफ साडेसात ग्रॅम पाण्याला उकळीला नेऊ शकते. मोठा चमचाभर पाण्याची वाफ ताटलीला टेकून निवली की वरचं अर्धी वाटी पाणी कढत व्हायला ती जवळजवळ पुरते. म्हणूनच रस्सा हवा असेल, किंवा भाजी लागेलसं वाटलं, तर ताटलीतलंच पाणी आत ओततात. गार पाणी घातलं असतं तर कढईतली उकळी मोडली असती आणि शिजण्याचं काम काही वेळ थांबलं असतं. इथे गरम पाणी तयार असतं, आणि त्यासाठी वेगळा गॅस जाळावा लागत नाही.

शिजणं म्हणजे नक्की काय होतं? भाजीच्या पेशी एकमेकींना पेक्टिन आणि तशाच काही द्रव्यांनी चिकटलेल्या असतात. साधारण ८० अंशांच्या पुढे हा चिकटपणा विरघळू लागतो, पेशी सुट्या होतात, आणि बोटाने दाबलं की फोड मोडते. आंबट पदार्थ हे विरघळणं रोखून धरतात. बटाट्याच्या रश्श्यात चिंच आधी पडली तर फोडी कितीही उकळा, आतून कच्चट राहतात. चिंच-गूळ शेवटी घालायचा तो म्हणून. सोडा याच्या उलट वागतो. तो पेक्टिन भराभर मोडतो, भाजी हिरवीगार दाखवतो, आणि क जीवनसत्त्वाचा फडशा पाडतो. ताटात मटार दिव्यासारखे चमकत असतील तर मला भूक लागण्याऐवजी शंका येते.

भरपूर पाण्यात भाजी उकडून ते पाणी ओतून दिलं तर क जीवनसत्त्व, फोलेट आणि काही क्षार मोरीत जातात, कारण ते पाण्यात विरघळणारे. अंगच्या पाण्यात शिजलेल्या भाजीत निथळायला काही उरतच नाही. जे पेशीतून बाहेर आलं ते कढईतच आटतं. सिमला मिरचीच्या भाजीत शेवटी बेसन पेरतात तेव्हा तर उरलेला थेंब न थेंब पीठ शोषून घेतं आणि एका वाफेत फुगतं.

पण झाकणाचा हा न्याय पालेभाजीला लागू नाही. मेथी किंवा पालक कढईत घातला की पहिली काही मिनिटं झाकण ठेवत नाहीत. पानाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा, आणि त्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. पानातली स्वतःची आम्लं उष्णतेने मोकळी झाली की ती त्या अणूला हुसकून लावतात आणि हिरवा रंग शेवाळी, मळकट होतो. यातली काही आम्लं वाफेबरोबर उडून जाणारी असतात. झाकण घातलं तर तीच थेंबांतून परत भाजीवर बरसतात. कोबीला वरदान ठरलेला पाण्याचा फेरा इथे रंगाच्या मुळावर येतो. आणि मीठ? ढीगभर पाला पाहून मीठ घालणारा फसतो. पाणी सुटून ढीग बसू द्यायचा, आणि उरलेली मूठभर भाजी पाहून मग हात आवरता घ्यायचा.

भेंडीची तऱ्हा तर तिसरीच. तिच्या पोटातला चिकट पदार्थ पाणी दिसलं की फुगतो आणि तार धरतो. म्हणून भेंडी आधी धुवायची, एकेक पुसायची, सुरी-पाटही कोरडे ठेवायचे, पसरट कढईत उघडीच परतायची. दोन आमसुलं टाकली की आंबटपणाने तार मोडते. आंबट पदार्थ फोडी कडक ठेवतात, तेही इथे पथ्यावर पडतं, कारण भेंडी मोडू द्यायची नसतेच.

पाण्याच्या आवाक्यात नसलेलं एक काम मात्र तेलालाच करावं लागतं. मेथी, गाजर, लाल भोपळा यांच्यातलं कॅरोटीन, ज्याचं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, ते पाण्यात विरघळत नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना एकाच तऱ्हेचं सॅलड खायला दिलं, कधी स्निग्धांश असलेल्या ड्रेसिंगबरोबर, कधी अजिबात नसलेल्या. बिनस्निग्धांशाच्या ताटातलं कॅरोटीन रक्तात जवळजवळ पोचलंच नाही. त्यामुळे ‘तेलाचा थेंबही नको’ म्हणून भोपळा नुसता वाफवून खाणाऱ्याचा निग्रह मोठा, पण मिळकत थोडी. त्याला फोडणी नकोच असेल तर निदान वरून ओलं खोबरं किंवा दाण्याचं कूट घालावं. स्निग्धांश त्यातही असतो, आणि भोपळ्याला ते शोभतंही.