कारागीर कोणत्या मालकाजवळ टिकतो?

कसबी कारागीर काम सोडून गेला की मालक पहिले बोट पगाराकडे दाखवतो. शेजारच्याने चार पैसे जास्त दिले आणि माणूस फोडला, असे त्याचे म्हणणे असते. पुष्कळदा ते खरेही असते. पण काम सारखे, गाव एकच, मजुरीही जवळपास तेवढीच, आणि तरी एका कारखान्यात माणसे वर्षानुवर्षे राहतात, दुसऱ्यात महिना काढत नाहीत, याचा उलगडा केवळ पगाराने होत नाही. या प्रश्नाचा फार बारकाईने अभ्यास एका अशा धंद्यात झाला आहे, ज्याच्याशी आपला सहसा संबंध येत नाही. तो धंदा म्हणजे अमेरिकेतील नर्सिंग होम.

तिकडे नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचे लहान इस्पितळ नव्हे. ज्यांचे घरी करणे शक्य राहिले नाही, असे वृद्ध तेथे महिनोन् महिने, वर्षानुवर्षे राहतात. त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांना स्मृतिभ्रंश झालेला असतो. डॉक्टर यालाच डिमेन्शिया म्हणतात. नर्सचे काम औषधपाण्याचे. न्हाऊ घालणे, भरवणे, कपडे बदलणे, रात्री उठून हिंडणाऱ्याला परत बिछान्यावर आणणे हे सारे मदतनीस करतात. त्यात बहुतेक बायाच असतात आणि मजुरी बेताची. १९८७ च्या कायद्याने त्यांना निदान ७५ तासांचे शिक्षण सक्तीचे केले. एवढ्या शिदोरीवर त्या कामाला लागतात.

या कामात जुन्या माणसाची किंमत किती, हे समजून घेतले पाहिजे. स्मृतिभ्रंशाच्या रोग्याला दाढ दुखते असे सांगता येत नाही, तो ताट ढकलून देतो. नवी बाई म्हणते, आज भूक नाही. रोज भरवणारी बाई ओळखते की हे काहीतरी वेगळे आहे. आंघोळीचेही तसेच. अनोळखी हातांनी कपडे उतरवले की रोगी घाबरतो, ओरबाडतो, मारायला उठतो. ओरेगॉन आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांतील १५ नर्सिंग होममध्ये झालेला एक प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. ज्याला जशी मानवते तशी आंघोळ घातली, तेव्हा रोग्याने अंगावर धावून येण्याचे प्रकार शेकडा ५३ ने कमी झाले. बिछान्यातच कोमट ओल्या पंचांनी अंग पुसले, तेव्हा शेकडा ६० ने. पण कोणाला काय मानवते, हे कोठे लिहून ठेवलेले नसते, ते त्या बाईच्या डोक्यात असते. बाई गेली की तेही गेले.

आणि बाया जातात. किती जातात, त्याचा आकडा वाचून प्रथम आमचा विश्वास बसला नाही. २०१७ आणि २०१८ सालच्या हजेरीच्या नोंदींवरून सुमारे साडेपंधरा हजार नर्सिंग होमचा हिशेब २०२१ साली छापला गेला. त्यात नर्स आणि मदतनीस मिळून वर्षाची गळती सरासरी शेकडा १२८ निघाली. शंभरावर आकडा कसा, असे वाचक विचारतील. एकाच जागेवर वर्षात दोन-दोन, तीन-तीन माणसे येऊन गेली की तो शंभराच्या वर जातो. काही ठिकाणची फारच वाईट स्थिती ही सरासरी फुगवते. अगदी मधले नर्सिंग होम पाहिले तरी आकडा ९४ आहे. एक मदतनीस गेली की जाहिरात, निवड, शिकवणी आणि तोवर दुसऱ्यांना द्यावा लागणारा जादा पगार धरून निदान २,५०० डॉलर उडतात, असा अंदाज २००४ सालच्या एका अहवालात मांडला होता. नासलेल्या मालाचा तोटा आपण लगेच मोजतो. गेलेल्या माणसाचा तोटा वहीत दिसत नाही, म्हणून तो कोणी मोजत नाही.

आता मालकाकडे वळू. २००५ साली डोनोह्यू आणि कॅसल या अभ्यासकांनी सुमारे २,९०० नर्सिंग होमच्या व्यवस्थापकांना त्यांच्या कारभाराची रीत विचारली आणि ती त्यांच्याकडच्या गळतीशी ताडून पाहिली. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. जो व्यवस्थापक निर्णयापूर्वी माणसांचे मत घेतो आणि त्याप्रमाणे वागतो, त्याच्याकडे मदतनिसांची गळती शेकडा ४४ होती. वरच्या दर्जाच्या नर्सची ७ आणि खालच्या दर्जाच्या नर्सची ३. दुसऱ्या टोकाला हेच आकडे १६८, ३२ आणि ५६ होते.

हे दुसरे टोक कोणाचे? आम्हाला वाटले होते, हुकूम सोडणाऱ्या कडक साहेबाचे. तसे नाही. सर्वांत जास्त गळती त्या व्यवस्थापकाकडे होती, जो काही विचारतही नाही आणि काही सांगतही नाही. निर्णय तो खालच्यांवर सोडतो, पण निर्णयासाठी लागणारी माहिती देत नाही. "तुमचे तुम्ही पाहा" म्हणून मोकळा होतो. असे शेठ आपणही पाहिले आहेत. ते स्वभावाने वाईट नसतात, ओरडत नाहीत, कारागिरांवर विश्वास टाकतो म्हणून स्वतःवर खूषही असतात. ऑर्डर कोणाची, माल कधी द्यायचा, सूत कमी का आले, हे मात्र कोणाला माहीत नसते. आणि चूक झाली की ती कारागिराची.

या आकड्यांवरून एकदम उडी मारू नये, हेही सांगायला हवे. जेथे जुनी जाणती माणसे आहेत तेथे त्यांना विचारणे सोपे असते. दर महिन्याला नवे चेहरे असतील तर विचारायचे कोणाला? तेव्हा कारण कोणते आणि परिणाम कोणता, याचा पक्का निकाल अशा पाहणीतून लागत नाही. पण २००३ साली बार्बरा बॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मदतनिसांनाच विचारले की तुम्ही का सोडता, तेव्हा उत्तर याच दिशेचे मिळाले. आम्हाला कोणी मोजत नाही, रोग्याविषयी आम्हाला जे कळते ते कोणी ऐकून घेत नाही, हे त्यांचे मुख्य गाऱ्हाणे होते.

यावर एक मोठा प्रयोग डॉ. बिल थॉमस यांनी केला. २००३ साली मिसिसिपी राज्यातील टुपेलो येथे त्यांच्या कल्पनेतील पहिली 'ग्रीन हाऊस' उघडली. मोठ्या इमारतीऐवजी दहा-बारा वृद्धांचे एक घर. त्या घरातील मदतनिसांना त्यांनी नाव दिले शाहबाज! फारसीतला राजाचा ससाणा. (अनेकवचन मात्र त्यांनी 'शाहबाजिम' केले, ते आपल्या कानाला चमत्कारिक वाटते.) स्वयंपाक, सफाई, सामानाची मागणी, पाळ्या लावणे हे सारे त्या आपापसात ठरवतात आणि एकेका कामाची जबाबदारी आळीपाळीने घेतात. वर मुकादम नाही, एक मार्गदर्शक असतो. हे वरवर "तुमचे तुम्ही पाहा" सारखेच वाटेल. फरक असा की येथे निर्णय सोपवण्यापूर्वी त्यांना नेहमीच्या शिक्षणाखेरीज आणखी १२० तासांचे शिक्षण दिले जाते, आणि घराची माहिती त्यांच्याच हाती असते.

मजुरीचा मुद्दा मात्र कोणी या आडोशाला लपवू नये. किमान वेतन वाढले तेथे नर्सिंग होमचे काय झाले, हे क्रिस्टा रफिनी या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी तपासले. माणसे जास्त टिकली, तपासणीत दोष कमी निघाले, रोग्यांचे मृत्यूही कमी झाले. वाढलेला खर्च मालकांनी स्वतःच्या खिशातून पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकांचे दर वाढवून भरून काढला. मत विचारणारा पण उपाशी ठेवणारा मालकही फार दिवस माणसे राखू शकणार नाही.

ही गळती आता तेथे मालकाचे गुपित राहिलेली नाही. वृद्धांसाठी सरकारी विमा चालवणाऱ्या खात्याने जानेवारी २०२२ पासून प्रत्येक नर्सिंग होमची गळती जाहीर करायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी जुलैपासून ती दर्जाच्या ताऱ्यांत धरली जाऊ लागली. आई-बापाला कोठे ठेवावे हे ठरवणारा मुलगा ते आकडे पाहू शकतो. त्याच यादीत आणखी एक आकडा असतो: गेल्या वर्षात किती व्यवस्थापक सोडून गेले.